नौपाड्यातलं ‘स्टेशनला पाच मिनिटं’ घर: दहा महिने चालून झाल्यावर

परवा सोमवारी सकाळी फुटपाथवरच्या त्या हलत्या पेव्हर ब्लॉकने परत माझ्या सलवारवर पिचकारी मारली. पाऊस नाही, काही नाही, मार्च महिना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सकाळी ओटा धुतला होता, तेवढं पाणी त्याला पुरलं. क्रीम कलरची सलवार, गुडघ्यापर्यंत चिखलाचे ठिपके, आणि ८:२६ ची ठाणे लोकल पकडायची. तशीच गेले. आणि गाडीत बसल्या बसल्या ठरवलं की आता हे लिहायचंच, कारण गेले दहा महिने जो भेटेल तो विचारतोय, काय गं, घोडबंदर सोडून नौपाड्यात गेलात, बरं पडलं का?

नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड म्हणजे ठाणे स्टेशनच्या पश्चिमेचा जुना, गजबजलेला भाग. आम्ही आधी घोडबंदर रोडला कासारवडवलीला होतो, मोठं कॉम्प्लेक्स, पोहायचा तलाव (दोनदा उतरलो, चार वर्षांत), आणि स्टेशन दहा-अकरा किलोमीटरवर. मी फोर्टला, नवरा ऐरोलीला. दोघांनाही ठाणे स्टेशन गाठल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि घोडबंदर रोडवर मेट्रो ४ च्या खांबांमधून ते गाठायला कधी चाळीस मिनिटं, कधी सव्वा तास. किती लागतील ते निघताना कळत नाही, हा खरा त्रास. मेट्रोची ट्रायल गायमुखच्या बाजूला सप्टेंबर २०२५ मध्ये झाली ती मी बातम्यांत बघितली, तोवर आम्ही तिथून हललेलो होतो.

मे २०२५ ला शिफ्ट झालो. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, वन बीएचके, भाडं ३१ हजार. तिकडे टू बीएचके २७ ला होता. म्हणजे एक खोली कमी आणि चार हजार जास्त. सासूबाई म्हणाल्या, हे कुठलं गणित? मी म्हटलं, रिक्षा-बसचं गणित. दोघांचं मिळून महिन्याला ६,८०० जात होते, नोंद आहे माझ्याकडे, वहीत. इथे आल्यावर ते ६०० वर आले, तेही रविवारी कुठे गेलो तर. लोकलचा पास तोच, ठाणे-सीएसएमटी सेकंड क्लास २१५ रुपये, तो काही बदलला नाही. म्हणजे भाडं वाढूनही २,२०० रुपये सुटतात, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. यावर पुढे येते.

आता ते ‘पाच मिनिटं’. ब्रोकर म्हणाला होता, मॅडम, स्टेशनला पाच मिनिटं, डोळे मिटून. स्वतः बाइकवर बसून आला होता, आणि डोळे मिटून या रस्त्याने कोणी चाललं तर गटारात जाईल. मी स्टॉपवॉच लावून मोजलंय. बिल्डिंगच्या गेटपासून सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाच्या, खाली पोचायला नऊ. तिथे वर बस, खाली रिक्षा, त्यांच्या मधून अंग चोरून स्टेशनच्या पायरीला लागायला एक. पाच-सहा नंबरची फास्ट पकडायची तर ब्रिज चढून-उतरून दोन. आणि यानंतर जे कोणी सांगत नाही ते: बारा डब्यांची गाडी म्हणजे अडीचशे मीटर लांब. आम्ही नौपाड्यातून येतो ते मुलुंडच्या टोकाला, आणि माझा सवयीचा लेडीज डबा येतो कल्याणच्या टोकाला, तर प्लॅटफॉर्मवर गर्दीतून वाट काढत अजून तीन. एकूण पंधरा. घर स्टेशनपासून किती लांब हे विचारूच नका, आपल्या डब्याच्या दारापासून किती लांब ते विचारा. नवऱ्याचं तर अजून वेगळं, त्याची ऐरोलीकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल नऊ-दहा नंबरला, म्हणजे अख्खं स्टेशन ओलांडून पूर्वेला. कोपरीत घर घेतलं असतं तर तो चार मिनिटांत गाडीत असता. हे त्याने पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि नंतर दर आठवड्याला सांगतोय.

पहिले दोन आठवडे मात्र मी हवेत होते. संध्याकाळी गाडीतून उतरले की झालं, मी घरीच. रिक्षाची रांग नाही, ‘मॅडम, उधर नही जायेगा’ नाही. येता येता गावदेवीला भाजी, कोथिंबिरीची जुडी, पाव. मग २६ मेला पाऊस आला. मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंद त्याआधी नव्हती म्हणे, आणि आमच्या फुटपाथलाही तो अपेक्षित नव्हता, कारण तेव्हा तो अर्धा उकरलेला होता.

तर पेव्हर ब्लॉक. माझी मैत्रीण म्हणते तुला त्या ब्लॉकचं वेड लागलंय, असेल. पण ऐका. हे ब्लॉक सिमेंटात बसवलेले नसतात, खाली वाळूचा थर असतो आणि एकमेकांच्या आधाराने ते घट्ट राहतात. कुठलीतरी लाइन टाकायला चर खणला, माती नीट न दाबता वरून ब्लॉक परत मांडले की पहिल्या पावसात खालची वाळू वाहून जाते. मग ब्लॉकच्या पोटात पोकळी, पोकळीत पाणी, आणि वरून अगदी कोरडा, सज्जन दिसतो. तुम्ही एका कोपऱ्यावर पाय दिलात की दुसरा कोपरा उचलतो आणि फटीतून पाणी थेट पोटरीवर. ‘खडप्’ असा आवाज येतो, तो आला की उशीर झालेला असतो. आमच्या गल्लीच्या तोंडापासून मेडिकलपर्यंत असे सात आहेत, मला पाठ आहेत, पण चौथा जागा बदलतो. गंमत नाही, खरंच, कोणीतरी उचलून शेजारच्या खड्ड्यात बसवतं.

त्यात प्रत्येक बिल्डिंगने आपल्या गाड्यांसाठी फुटपाथ कापून उतार केलाय. ज्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू तिथे पत्रे, पुढे मिक्सर. दर वीस पावलांवर वर-खाली, वर-खाली. त्यामुळे फुटपाथ असूनही सगळे रस्त्याच्या कडेने चालतात, मीही. चपला शिवायला दिल्या तर गटईवाले काका उलटसुलट करून म्हणाले, "ताई, डावीच टाच बाहेरनं झिजलीये. तुम्ही रस्त्याच्या उतारावरनं चालता का रोज?" मी बघतच राहिले. रस्ता मधे फुगीर, कडेला उतरता, आणि मी रोज जाता-येता डाव्याच कडेने. दोन महिन्यांत टाच. कासारवडवलीला तीच चप्पल दीड वर्षं गेली होती, कारण तिथे मी चालतच नव्हते. टाच बदलायचे ८० रुपये. वहीत आहे.

ऑगस्टमध्ये १९ तारखेला जो पाऊस झाला त्या दिवशी मात्र या घराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. सीएसएमटी ते ठाणे गाड्याच बंद पडल्या. मोबाइलवर दहा जणांचे दहा मेसेज, कोण म्हणतंय चालू, कोण म्हणतंय बंद. मी छत्री घेतली, स्टेशनवर जाऊन इंडिकेटर बघून आले, येताना गरम वडापाव आणले, आणि ऑफिसला कळवलं की येत नाही. तिकडे असते तर रिक्षात तासभर बसून जाऊन तेच बघितलं असतं आणि परतीला रिक्षा मिळाली नसती.

इथपर्यंतचं बरंचसं मी सप्टेंबरमध्ये लिहून ठेवलं होतं, पाच पैकी साडेचार देऊन. मग पाय मुरगळला. त्याच पट्ट्यात, अर्थात. रात्री पावणेदहा, लाइट होती, माझी चूक एवढीच की मेडिकलवाल्याने हाक मारली म्हणून मान वर केली. अकरा दिवस घरी. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर मुरगळलेल्या पायाने राहणं काय असतं ते तेव्हा कळलं. ३४ पायऱ्या, मधला कठडा हलता. एक्स-रे, क्रेप बँडेज, डॉक्टर धरून २,१०० गेले. म्हणजे एका महिन्याची बचत गेली की हो! तक्रार केली होती जिथे करायची तिथे, फोटो काढून. चौथ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला. मी लंगडत जाऊन बघितलं. ब्लॉक होता तसाच.

तेव्हा साडेचारचे तीन केले. परत वर कधी नेले ते सांगते.

पायामुळे फास्टला लटकणं शक्य नव्हतं. कल्याण-बदलापूरकडून फास्ट येते तीच गच्च, ठाण्याला आत शिरायचं म्हणजे कोपराने. जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडली त्यानंतर दाराशी उभं राहिलं की मला तसंही पोटात कसंतरी व्हायचं. तर मी ठाण्याहून सुटणारी स्लो धरायला लागले. ती एक नंबरला लागते, पश्चिमेलाच, ब्रिज चढायचाच नाही. आत शिरायचं आणि बसायचं. खिडकी नाही मिळाली तरी तिघांच्या बाकावरची चौथी सीट नक्की. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली, तेव्हापासून ठाणं हे ‘शेवटचं स्टेशन’ असण्याचं सुख काही गाड्यांपुरतं अजून शिल्लक आहे. सीएसएमटीला तास लागतो, फास्टला चाळीस-पंचेचाळीस. पण रिक्षातले पन्नास मिनिटं वाचल्यावर ते वरचे पंधरा मी उदार मनाने देऊन टाकले. आधीच्या घरातून हे परवडलंच नसतं. स्लो धरायची तर साडेसहाला घर सोडावं लागलं असतं. जवळ राहण्याचा खरा फायदा मला इथे मिळाला, आणि तो ब्रोकरला माहितीच नव्हता.

दुसरं, रात्रीचं. ऑडिट चालू असताना साडेदहाला उतरलेय मी. स्टेशनपासून घरापर्यंत मेडिकल, आइस्क्रीमवाला, इस्त्रीवाले भैया, ओट्यावर गप्पा मारणारे आजोबा, कोणी ना कोणी जागं असतं. कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन होते, सीसीटीव्ही होते, आणि गेटबाहेर सर्व्हिस रोडवर चिटपाखरू नसायचं. नवऱ्याला ‘घ्यायला ये’ असा फोन मी दहा महिन्यांत एकदाही केलेला नाही, पायाचे ते दिवस सोडून. याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे कळत नाही, पण भाड्यातले चार हजार मी यासाठीच धरते.

आता ते २,२०० चं. खोटं ठरलं. चालत घरी येणं म्हणजे रोज वीसएक दुकानांसमोरून भुकेल्या पोटी येणं. समोसा, कणीस, ‘फक्त बघते’ म्हणून राम मारुती रोडवरचा कुर्ता. वहीत बेरीज केली तर महिन्याला सरासरी १,४०० जास्तीचे. उरले ८००. त्यातून टाचा. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जी गर्दी होते ती एकदा बघायला छान आहे, तिच्या शेजारी राहायला नाही. पाणी सकाळी ठरल्या वेळेला येतं, भरून ठेवावं लागतं. गाडी असेल तर या भानगडीत पडू नका. आमची स्कूटर आहे, तीही जिन्याखाली लावण्यावरून तळमजल्याच्या काकूंशी बोलणं बंद आहे.

घर बघायला जाल तर रविवारी दुपारी जाऊ नका, ब्रोकर तेव्हाच बोलावतो. सोमवारी सकाळी आपल्या वेळेला, आपली बॅग खांद्यावर घेऊन त्या गेटपासून आपल्या डब्यापर्यंत चाला, आणि रात्री नऊनंतर उलटं. जमलं तर पावसात, पांढरे कपडे घालून.

एप्रिलमध्ये अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. मालकांचं म्हणणं दहा टक्के वाढवा, नाहीतर बिल्डिंग तशीही रिडेव्हलपमेंटला जाईल. ३४,१०० होतात. घासाघीस चालू आहे, मी ३२,५०० वर अडलेय, आणि कठडा दुरुस्त करून द्या म्हटलंय. सध्या चार देते. काल सकाळी दोन माणसं घमेलं घेऊन त्या पट्ट्यात बसलेली दिसली, चौथा ब्लॉक काढून खाली वाळू भरत होती. आज मुद्दाम त्याच्यावर उभी राहिले, हलला नाही. एक पाऊल पुढे टाकलं आणि पाचवा खडप् झाला.