डिलेची वेळ कशी लावायची: मिलिसेकंदात, पायाने टॅप करून की मिडी क्लॉकवर?

गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरमध्ये डिलेचा (वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टचा) ब्लॉक उघडला की 'टाइम'समोर एकतर मिलिसेकंदाचा आकडा असतो, नाहीतर नोटेचं चिन्ह. नोटेचं चिन्ह निवडलं की पुढचा प्रश्न येतो: टेम्पो कुठून घ्यायचा? पायाखालच्या, लयीत दाबायच्या टॅप बटणावरून, पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जच्या संचात) सेव्ह केलेल्या बीपीएमवरून (मिनिटातल्या मात्रांवरून) की बाहेरच्या यंत्राकडून येणाऱ्या मिडी क्लॉकवरून (लयीच्या सिग्नलवरून)? यातला कोणताच पर्याय सगळीकडे श्रेष्ठ नाही. गाण्याची लय कोणाच्या हातात आहे, हे आधी बघा. ती ड्रमरच्या हातात असेल तर निवड वेगळी, क्लिक ट्रॅकच्या (वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठोक्यांच्या) हातात असेल तर वेगळी, आणि काही डिलेंना लयीशी देणंघेणंच नसतं.

हिशोब सगळीकडे तोच. मिनिटात 60,000 मिलिसेकंद, त्यांना बीपीएमने भागलं की एका मात्रेची वेळ मिळते. 120 बीपीएमला एक मात्रा 500 मिलिसेकंद, अर्धी 250, पाऊण 375 आणि मात्रेचा तिसरा हिस्सा साधारण 167. प्रोसेसरच्या मेनूत यांनाच अनुक्रमे क्वार्टर, एट्थ, डॉटेड एट्थ आणि एट्थ ट्रिप्लेट म्हणतात.

पाऊण मात्रेवर थोडं थांबू, कारण सिंकची, म्हणजे डिले टेम्पोला बांधण्याची, खरी गरज तिथेच कळते. 120 बीपीएमला तुम्ही सलग अर्ध्या मात्रा वाजवताय, म्हणजे दर 250 मिलिसेकंदाला एक आघात. डिले 375 वर आहे. शून्यावर वाजवलेल्या स्वराचा रिपीट 375 वर येतो, म्हणजे 250 आणि 500 वरच्या आघातांच्या बरोब्बर मधे. प्रत्येक पोकळीत असा एक रिपीट बसत गेला की तुम्ही अर्ध्या मात्रा वाजवत असूनही ऐकणाऱ्याला पाव मात्रांची अखंड धार ऐकू येते. यू-टू बँडचा गिटारवादक द एज याच्या वादनामुळे जगभर ओळखीचा झालेला आवाज हाच. रिपीट एक-दोनच ठेवा, पण त्यांचा आवाज मूळ स्वराच्या जवळपास. आता हाच डिले 390 वर नेऊन बघा. रिपीट मधोमध न पडता पुढच्या आघाताकडे सरकतो आणि सगळी चाल लंगडते. पंधरा मिलिसेकंद इथे खूप असतात.

मिलिसेकंदाचा नॉब

सिंक असलेलं यंत्र घेतलं म्हणून प्रत्येक डिले सिंकवर टाकायची सवय अनेकांना लागते, आणि ती मला पटत नाही. स्लॅपबॅक घ्या. साधारण 80 ते 140 मिलिसेकंदांमधला, एकच रिपीट असलेला हा डिले टेपच्या काळातून आलाय. टेपवर डिलेची वेळ ठरायची ती रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधलं अंतर आणि टेपचा वेग यांवरून. अंतर दोन इंच आणि वेग सेकंदाला 15 इंच असेल तर सुमारे 133 मिलिसेकंद. गाण्याचा टेम्पो काय आहे हे त्या मशीनला ठाऊकच नव्हतं, आणि तो आवाज तसाच छान लागायचा.

स्लॅपबॅक पाव मात्रेवर सिंक केला तर 120 बीपीएमला 125 मिलिसेकंद येतील, छान. पण पुढचं गाणं 80 बीपीएमचं असेल तर तोच डिले 187 वर जातो आणि स्लॅपबॅकचा कडकपणा संपतो. स्वर जाड करण्यासाठी लावलेला 20 ते 40 मिलिसेकंदांचा डबलिंग डिले तर सिंकवर कधीच टाकू नये. हे दोन्ही मिलिसेकंदात लावा आणि विसरून जा.

सोलोमागे मंद आवाजात लावलेल्या लांब डिलेबद्दल मतं वेगळी आहेत. माझा कल मिलिसेकंदाकडे आहे. 350 ते 450 मधे कुठेतरी, लयीपासून जरा हटके ठेवलेले रिपीट पुढच्या स्वराखाली दबत नाहीत आणि मिक्स (आवाजातलं रिपीटचं प्रमाण) कमी ठेवूनही ऐकू येतात. सलग पळणाऱ्या फ्रेजेसमध्ये मात्र हेच रिपीट गिचमिड करतात, तिथे एका मात्रेवर सिंक बरा.

टॅप टेम्पो

क्लिकशिवाय वाजणाऱ्या बँडसाठी टॅपला पर्याय नाही. ड्रमर कोरसमध्ये थोडा पुढे जाणार, शेवटी थोडा रेंगाळणार, आणि त्याच्याशी जुळवून घेणं फक्त तुमच्या पायालाच जमतं.

पाय चुकतो, ही भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. 100 बीपीएमचं गाणं आहे आणि 600 ऐवजी 590 मिलिसेकंदांवर टॅप पडला. यंत्र 101.7 बीपीएम धरेल. पाऊण मात्रेचा डिले 450 ऐवजी 442.5 होईल. पहिला रिपीट साडेसात मिलिसेकंद लवकर येईल, जे बहुतेकांच्या कानाला जाणवणार नाही. चौथ्या रिपीटपर्यंत हा फरक 30 मिलिसेकंदांवर जातो, पण तोवर रिपीटचा आवाज विरत आलेला असतो. आणि मुख्य म्हणजे चूक गाणंभर साठत नाही, कारण डिलेचं मोजमाप प्रत्येक स्वरापाशी नव्याने सुरू होतं. ट्रेमोलोचं (आवाज लयीत कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टचं) तसं नसतं. तो आपल्याच गतीने फिरत राहतो, त्यामुळे अर्ध्या बीपीएमचाही फरक असला तर चार मिनिटांत तो दोन मात्रांनी सरकतो.

टॅप करताना काही गोष्टी सांभाळा. दोनच टॅप मारून थांबू नका. बरीच यंत्रं शेवटच्या काही टॅपची सरासरी काढतात, त्यामुळे चार समान टॅप दिले तर पायाची चूक बरीच निवळते. टॅपची जागा गाण्याच्या सुरुवातीला, तुम्ही वाजवत नसताना शोधा. रिपीट चालू असताना वेळ बदलली की अनेक डिलेंमध्ये त्यांचा सूर घसरतो किंवा 'टक्' असा आवाज येतो. ॲनालॉग आणि टेप मॉडेल्समध्ये तर ही घसरण मुद्दामच ठेवलेली असते. शिवाय बऱ्याच फ्लोअर प्रोसेसरमध्ये तेच बटण दाबून धरलं की ट्यूनर सुरू होतो आणि आवाज बंद होतो. म्हणून टॅप हलका आणि झटपट.

सहा-आठच्या, म्हणजे तीन-तीनच्या दोन गटांच्या तालातल्या, गाण्यांत घोळ होतो तो इथे. पाय तिथे साहजिकच तीन-तीनच्या गटावर पडतो, मिनिटाला 80 वेळा म्हणू. यंत्राला वाटतं 750 मिलिसेकंदांची ही क्वार्टर आहे. तुम्ही 'एट्थ' निवडलं तर 375 मिळतील, आणि गटातल्या तीन ठोक्यांपैकी एकावरही ते बसणार नाहीत. तुम्हाला हवेत 250, म्हणजे 'एट्थ ट्रिप्लेट' निवडायचं. सेटिंग बरोबर असूनही डिले बेताल का वाटतोय, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

पॅचमधला बीपीएम

क्लिक किंवा बॅकिंग ट्रॅकवर वाजवणाऱ्यांनी मिडीच्या मागे लागण्याआधी इथे बघावं. प्रत्येक गाण्याचा टेम्पो ठरलेला आहे, मग तो पॅचमध्ये लिहून ठेवा. पाय मोकळा राहतो आणि वेळ अचूक. टेम्पो ग्लोबल आहे की पॅचसोबत बदलतो, एवढं सेटिंग तपासा. लाइन 6 च्या हीलिक्स मालिकेत तो स्नॅपशॉट (एकाच पॅचमधली साठवलेली स्थिती), प्रीसेट (म्हणजे पॅच) किंवा ग्लोबल असा निवडता येतो. ग्लोबलवर राहिला तर पॅच बदलूनही आधीच्या गाण्याचाच टेम्पो चालू राहतो, आणि हे सहसा स्टेजवरच लक्षात येतं.

यंत्र दशांश घेत नसेल तरी डिलेपुरतं बिघडत नाही. 92.5 च्या गाण्याला 92 लावलं तर एका मात्रेमागे साडेतीन मिलिसेकंदांचा फरक पडतो.

संथ गाण्यांत डिलेची कमाल मर्यादा आडवी येते. 60 बीपीएमला दोन मात्रा म्हणजे 2,000 मिलिसेकंद, चार म्हणजे 4,000. एवढी लांबी यंत्रात नसेल तर काही प्रोसेसर, बॉस कंपनीचे धरून, वेळ आपोआप अर्धी किंवा पाव करून सिंक टिकवतात. लय बिघडत नाही, पण निवडलेल्या नोटेपेक्षा रिपीट दाट ऐकू येतात.

मिडी क्लॉक

क्लॉकमध्ये 'टेम्पो 120' असा आकडा येत नाही. एका क्वार्टरमागे 24 ठोके येतात, एवढंच. 120 बीपीएमला दर 20.8 मिलिसेकंदांनी एक. त्यांच्यातलं अंतर मोजून टेम्पो काढायचं काम प्रोसेसरचं. पाठवणाऱ्या संगणकाचे ठोके किंचित मागेपुढे झाले आणि प्रोसेसरने नीट सरासरी काढली नाही, तर पडद्यावरचा आकडा 119.8, 120.2 असा थरथरतो आणि लांब रिपीटमध्ये सूर हलल्यासारखा वाटतो. असं झालं तर क्लॉक बंद करा आणि पॅचमध्ये बीपीएम लिहा.

मग क्लॉक कोणासाठी? गाण्याच्या मधेच टेम्पो बदलतो अशा ट्रॅकवर वाजवणाऱ्यांसाठी, आणि डिलेसोबत सिंथ, ड्रम मशीन किंवा दुसरा प्रोसेसर एकाच लयीत चालवायचा असेल त्यांच्यासाठी. तिथे क्लॉकची बरोबरी टॅपला करता येत नाही. केबल घेताना सॉकेट बघून घ्या: पाच पिनांचं गोल, यूएसबी किंवा 3.5 मिमीचं छोटं. छोट्या सॉकेटमध्ये टाइप ए आणि टाइप बी अशा दोन जोडण्या आहेत. चुकीच्या जोडणीने काही जळत नाही, पण क्लॉकही पोचत नाही.

यंत्र अजून घेतलं नसेल, आणि ड्रमरसोबत क्लिकशिवाय वाजवणार असाल, तर मिडीपेक्षा टॅपसाठी वेगळं बटण किंवा बाहेरचा फूटस्विच लावायची सोय आधी बघा. मेनूत खोल दडलेला टॅप गाणं सुरू असताना हाताला लागत नाही. त्यानंतर नोटांच्या यादीत डॉटेड एट्थ आणि एट्थ ट्रिप्लेट आहेत का ते पाहा, आणि एकाच पॅचमध्ये एक डिले मिलिसेकंदात आणि दुसरा सिंकवर ठेवता येतो का तेही.