नमुना फॉइलचा, माल मेटलाइज्डचा: पाऊच खरेदीत झालेली फसवणूक

ॲल्युमिनियम फॉइलच्या पाऊचचे पैसे घेऊन मला मेटलाइज्ड फिल्मचे, म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप दिलेल्या प्लॅस्टिकचे पाऊच विकले गेले. बाहेरून दोन्ही इतके सारखे दिसतात की माल भरून, सील होऊन गिऱ्हाइकांच्या घरी पोचल्यावरच प्रकार उघडकीस आला. लहान प्रमाणावर वस्तू बनवून विकणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत हे घडत असणार आणि ही फसवणूक आहे हे त्यांना कळतही नसणार. वस्तू बिघडली की ते दोष आपल्या वस्तूला देतात, पिशवीवर संशय घेत नाहीत. म्हणून हे तपशिलात लिहिते आहे.

मी भाजलेला सुकामेवा आणि बिया विकते. या वस्तूंमध्ये तेल भरपूर असतं, त्यामुळे ऑक्सिजन आणि उजेड लागला की त्या खवट होतात आणि ओलावा लागला की सादळतात. साधी पॉलिथिनची पिशवी ओलावा चांगला अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून बराच आत येतो. पाणी गळत नाही म्हणजे हवाही जात नसेल, असं आपण धरून चालतो आणि नेमका याच समजुतीचा फायदा घेतला जातो. मला तिन्हींपासून संरक्षण हवं होतं, म्हणून तीन थरांचा पाऊच ठरवला: बाहेर १२ मायक्रॉन पेट (पाण्याच्या बाटल्यांचं असतं ते प्लॅस्टिक), मध्ये ९ मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइल, आत ७५ मायक्रॉन पॉलिथिन. पेटवर छपाई नीट बसते आणि पाऊचला ताकद येते, फॉइल हवा आणि उजेड अडवते, आतलं पॉलिथिन उष्णतेने वितळून सील होतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे सगळा व्यवहार डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीचा होता, आणि पुरवठादाराला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नमुन्याचे पाऊच आले ते अगदी ठरल्याप्रमाणे. त्यांत माल भरून ठेवला, बरेच दिवसांनी उघडला, चव जशीच्या तशी. मग छपाई पक्की केली, आगाऊ रक्कम दिली, मोठी ऑर्डर नोंदवली. बिल आलं तेव्हा त्यावर फक्त ‘छापील सिल्व्हर पाऊच’ आणि नग लिहिलेले. थरांचा उल्लेख नाही, जाडीचा नाही. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘ताई, बिलात आम्ही सगळ्यांना असंच लिहून देतो.’

पुढे तक्रारी सुरू झाल्या. विकण्याच्या शेवटच्या तारखेला अजून बराच अवकाश असताना माल खवट लागतोय, मऊ पडलाय, एका-दोघांनी तर रंगासारखा वास येतोय असंही कळवलं. आम्ही भाजण्याची वेळ तपासली, कच्चा माल तपासला, सीलिंग मशिनचं तापमान पाहिलं. भरलेले पाऊच पाण्यात बुडवून दाबले, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे सील ठीक होतं. खरा उलगडा झाला तो काचेच्या बरणीमुळे. प्रत्येक घाण्यातला थोडा माल मी घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात राखून ठेवते. त्याच घाण्याचा बरणीतला माल ताजा होता आणि पाऊचमधला खवट. दोन्हींत फरक काय तो फक्त भांड्याचा.

मग जपून ठेवलेला नमुन्याचा पाऊच आणि नंतर आलेला पाऊच शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही कापून एकेरी थर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला. नमुन्यातून काहीच दिसलं नाही, पूर्ण अंधार. दुसऱ्यातून दिव्याचा गोल स्पष्ट दिसत होता. नमुना दुमडून बोटाने दाबला तर घडी तशीच राहिली. दुसरा पाऊच मात्र हात काढताच परत उघडला. फॉइल खरी असली की ती घडी धरते. मेटलाइज्ड म्हणजे प्लॅस्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेला लेप, तो साधारण ३०-५० नॅनोमीटर इतकाच जाड असतो. ९ मायक्रॉन म्हणजे ९,००० नॅनोमीटर. म्हणजे जो थर माझा माल राखणार होता तो शेकडो पटींनी पातळ झाला होता आणि पैसे मात्र फॉइलचे घेतले होते.

शंका आली म्हणून वजनही केलं. हे गणित कोणालाही करता येतं, त्यासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक वजनकाटा पुरतो. थराची मायक्रॉनमधली जाडी गुणिले त्या पदार्थाची घनता, की एक चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन मिळतं. पेटची घनता १.४ धरली तर १२ मायक्रॉनचे साधारण १७ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७ म्हणून ९ मायक्रॉनचे २४, पॉलिथिनची ०.९२ म्हणून ७५ मायक्रॉनचे ६९. एकूण ११० आणि थर जोडणाऱ्या ॲडहेसिव्हचे काही ग्रॅम. म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा १.१ ग्रॅमच्या किंचित वर भरायला हवा. नमुना तेवढा भरला. आलेल्या मालाचा तुकडा ०.८५ च्या आसपास. नुसती फॉइलच्या जागी मेटलाइज्ड पेट घातली असती तर वजनात इतका फरक पडत नाही, कारण १२ मायक्रॉनची ती फिल्मही १७ ग्रॅम भरते. याचा अर्थ आतलं पॉलिथिनही ७५ वरून ५० वर आणलं होतं. जाडी मोजण्याच्या स्क्रू गेजनेही तेच दाखवलं.

पुरवठादाराला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचं म्हणणं असं की दोन्हींत ॲल्युमिनियमच असतं, दोन्ही चांदीसारखे दिसतात, बिलात सिल्व्हर लिहिलंय आणि सिल्व्हर दिलंय. बिल मोघम का ठेवलं होतं ते तेव्हा समजलं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मेटलाइज्ड फिल्म वाईट नाही. पातळ कुरकुरीत काप नायट्रोजन भरून ज्या पाकिटांत विकले जातात ती बहुतेक मेटलाइज्डच असतात आणि त्या कामाला ती योग्य आहेत. फॉइललाही दुबळी बाजू आहे, वारंवार चुरगळली की तिला सूक्ष्म छिद्रं पडतात. माझी तक्रार मेटलाइज्डबद्दल नाही. एक दाखवून, एकाचे पैसे घेऊन, गुपचूप दुसरं द्यायचं याबद्दल आहे. मला आधी सांगितलं असतं तर मी टिकण्याची तारीख कमी छापली असती.

वासाचा मामला याहून गंभीर होता. छपाईची शाई आणि थर जोडणारा ॲडहेसिव्ह यांत बऱ्याचदा सॉल्व्हंट, म्हणजे त्यांना पातळ करणारी रसायनं असतात. फिल्म नीट वाळवली नाही, जोडलेले थर पुरते पक्के व्हायला वेळ दिला नाही, की ते आत अडकून राहतात आणि तेलकट मालात उतरतात. पाऊचचे तुकडे स्वच्छ काचेच्या बरणीत बंद करून बरणी तासभर उबदार जागी ठेवा आणि झाकण उघडताच वास घ्या. आमच्या बरणीतून थिनरसारखा उग्र दर्प आला. त्यानंतर उरलेल्या पाऊचमध्ये मी खाण्याचं काहीही भरलेलं नाही.

या पाऊचबरोबर मला ‘फूड ग्रेड’चा दाखलाही दिला होता. तो बारकाईने वाचायला हवा असतो. कागद खऱ्या प्रयोगशाळेचा होता, पण त्यावर उत्पादक म्हणून नाव भलत्याच कंपनीचं, चाचणी एका साध्या पॉलिथिन फिल्मची, तारीख माझ्या ऑर्डरच्या कितीतरी आधीची. खाली लहान अक्षरांत छापलं होतं की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. असं वाक्य प्रयोगशाळांच्या अहवालांत असतंच आणि त्यात खोटं काही नाही. खोटेपणा तो कागद माझ्या पाऊचचा म्हणून देण्यात होता. शिवाय पॅकिंगमधून अन्नात किती द्रव्य उतरतं हे पाहताना वेगवेगळ्या प्रकारच्या अन्नासाठी वेगवेगळे द्रव वापरतात: आंबटासाठी पातळ ॲसेटिक आम्ल, तेलकटासाठी खाद्यतेल किंवा त्याला पर्याय मानलेला द्रव. युरोपीय संघाच्या नियमात एकूण उतरणाऱ्या द्रव्याची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला, म्हणजे १० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाला, १० मिलिग्रॅम आहे. माझ्या हातातल्या अहवालात तेलाची चाचणीच नव्हती. तेलकट माल विकणाऱ्याला त्या कागदाचा काय उपयोग?

प्लॅस्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात छापलेल्या आकड्यावरूनही असंच फसवतात. हे आकडे १९८८ मध्ये प्लॅस्टिक वेगळं करणं सोपं व्हावं म्हणून आले. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन), ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन), ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ मध्ये उरलेलं सगळं. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. ते अन्नासाठी चालेल, त्यात काय मिसळलंय, आधी कशासाठी वापरलं होतं, यातलं काही तो सांगत नाही. माझी एक मैत्रीण संत्र्याच्या सालीचं तेल घातलेलं मलम बनवते. तिला काचेसारख्या चकचकीत बरण्या ‘पेटच आहेत’ म्हणून विकल्या. थोड्याच काळात आतून बारीक तडे गेले. तळाशी आकडा नव्हताच. त्या पॉलिस्टायरिनच्या निघाल्या आणि लिंबूवर्गीय तेल पॉलिस्टायरिनला खातं. पुरवठादाराने हवामानाला दोष दिला.

म्हणून कोण काय विकतंय हे ऐकण्याआधी आपली वस्तू कशाने बिघडते हे स्वतः ठरवा. कोरड्या पुडीला मुख्य भीती ओलाव्याची, तिला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन चालतं. पण सुगंध टिकवायचा असेल तर ते पुरत नाही. गरम भरायच्या पदार्थाला साधी पेट बाटली घेऊ नका, ७०-८० अंशांच्या पुढे ती मऊ पडून वाकडी होते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, म्हणून ते उष्णता सोसतं. पण तेच साधं पॉलिप्रॉपिलीन गोठवणाच्या थंडीत ठिसूळ होतं, तिथे पॉलिथिन बरं. द्रव साबणाला एचडीपीई चांगलं, तरी काही साबण ताण पडलेल्या जागी त्यालाही चिरा पाडतात, म्हणून भरलेली बाटली आधी आडवी-उभी ठेवून बघावी. ताजी भाजी-फळं श्वास घेतात, त्यांना माझ्यासारखा बंदिस्त पाऊच दिला तर ती गुदमरून कुजतील. आणि झिपवर विसंबू नका. झिप पाऊच उघडल्यानंतरच्या सोयीसाठी असते, तिच्या वर उष्णतेचं सील लागतंच.

किलोवर फिल्म घेणाऱ्यांना आणखी एका प्रकारे लुटतात. पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळतात. ती पॉलिथिनपेक्षा जवळपास तिप्पट जड आणि स्वस्त असते, त्यामुळे किलोमागे पिशव्या कमी भरतात आणि त्या लवकर फाटतात. शुद्ध पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं. साध्या, एकेरी फिल्मचा तुकडा पाण्याखाली नेऊन सोडल्यावर तळाशी राहिला तर भेसळ दाट आहे किंवा प्लॅस्टिकच दुसरं आहे. जाळून पाहिलं तर शुद्ध पॉलिथिनची राख जवळजवळ उरत नाही, मेणबत्तीसारखा वास येतो. पण जाळून बघणं उघड्यावर, चिमट्यात धरून आणि अगदी छोट्या तुकड्याचंच, कारण पीव्हीसी निघालं तर त्याचा धूर घशाला आणि फुप्फुसांना घातक असतो. रोलचं वजन करताना आतली पुठ्ठ्याची नळी वेगळी तोला, तिचंही वजन फिल्मच्या भावाने लावलं जातं.

आता माझ्या ऑर्डरवर प्रत्येक थराचं नाव, प्रत्येकाची मायक्रॉनमधली जाडी, चौरस मीटरचं वजन आणि दोन्हींत किती टक्के कमी-जास्त चालेल हे लिहिलेलं असतं, आणि तेच बिलावर उतरवून घेते. आगाऊ रकमेनंतरची बाकी रक्कम आलेल्या मालातले पाऊच कापून, तोलून, उजेडासमोर धरून झाल्यावरच देते. पाऊच वरच्या खोक्यातले घ्यायचे नाहीत, मधल्या आणि तळाच्या खोक्यांतले घ्यायचे. नमुना चांगला होता यावरून मालाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे मी आता प्रत्येक नव्या उद्योजकाला सांगते. नमुन्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख घालून एक प्रत आपल्याकडे ठेवावी. माझ्या नमुन्यावर पुरवठादाराच्या हस्ताक्षरात थरांची नोंद होती, फक्त त्या एका कागदामुळे काही रक्कम परत मिळाली. मोघम बिलावर ती मिळाली नसती.

तुमचा माल आताच खवट होत असेल, तर न भरलेले पाऊच फेकू नका आणि पुरवठादाराला लगेच परतही देऊ नका. खोक्यावरचं लेबल, लॉट क्रमांक, बिल आणि सगळे संदेश सांभाळा, काही पाऊच साक्षीदारासमोर सीलबंद करा, मग लेखी तक्रार करा. त्याने ‘सगळा माल पाठवून द्या, बदलून देतो’ असं सांगितलं, तरी निदान काही पाऊच आपल्या ताब्यात राहू द्या.