रांग मोडायची की राखायची? दुबार ओळींसाठी सॉर्ट, युनिक आणि ऑक

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर दिंडोरीकडच्या भाच्याने ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) बुकिंगची यादी पाठवली. साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक नाव आणि गाव. घाईवर आलेल्यांनी दोन-दोनदा नोंद केलेली. "मामा, दुबार नावं तेवढी काढून द्या." मी सवयीने टर्मिनलवर 'सॉर्ट -यू' ही कमांड मारली. दुबार नावं गेली, पण यादी अक्षरांप्रमाणे लागली. सगळ्यात आधी फोन केलेले वाघ तळाला, काल जागे झालेले अहेर वर! फवारणीला उशीर झाला की डावणी रोग कोणाचं ऐकत नाही; ही यादी गावात गेली असती तर भाच्याचं काही खरं नव्हतं.

तेव्हा आधी ठरवा, क्रम राखायचाय का? राखायचा असेल तर ऑक, म्हणजे मजकूर ओळीओळीने चाळणारी कमांड:

ऑक '!सीन[$०]++' यादी

(टाइप अर्थातच रोमन अक्षरांत, शून्यासकट.) ही ओळ आधी किती वेळा येऊन गेली, याची मोजणी ऑक ठेवतं आणि ती शून्य असेल तरच ओळ छापतं. पहिली नोंद जागेवर राहते, पुढच्या गळतात. मात्र प्रत्येक वेगळी ओळ मेमरीत धरावी लागते. गावच्या यादीला त्याचं काही नाही, पण कित्येक जीबींच्या लॉगवर लॅपटॉपला घाम फुटतो. तिथे सॉर्ट सरस. मेमरी पुरली नाही तर ते डिस्कवर तात्पुरत्या फाइली करून काम भागवतं.

तिसरी कमांड युनिक, तिचं नाव फसवं आहे. ते फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी पाहतं, म्हणून आधी सॉर्ट हवंच. कोणी किती वेळा नोंद केली हे बघायला 'युनिक -सी' झकास. पण 'युनिक -यू' म्हणजे 'सॉर्ट -यू' नव्हे! त्यात दोनदा नोंदवणाऱ्याचं नाव समूळ जातं, एकदाही उरत नाही.

आणि निकाल '>' या चिन्हाने त्याच फाइलीत वळवू नका; वाचायच्या आधीच ती रिकामी होते. त्याच फाइलीत लिहायला सॉर्टला '-ओ' आहे, बाकीच्यांना नवी फाइल द्या.

इतकं करून भाच्याच्या यादीत एक गोऱ्हे दोनदा उरलाच. दिसायला तंतोतंत, पण एका फोनने 'ऱ्ह' सरळ लिहिलेला, दुसऱ्याने साध्या 'र'ला अदृश्य जॉइनर (अक्षरं जोडणारी खूण) लावून. बाइट वेगळे, म्हणून ओळ वेगळी. विंडोजवरून आलेल्या ओळींच्या शेवटी लपलेलं कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची जादा खूण) असंच चकवतं. ते डॉस-टू-युनिक्स या कमांडने निघतं. गोऱ्हे मात्र मी हातानेच खोडला. खालचा.