‘मेंदूचे हार्मोन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रेग्नेनोलोन कॅप्सूलचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू दुचाकी घसरून पडले आणि त्यांच्या डोक्याला जबर मार बसला. जीव वाचला, हातपाय पूर्ववत हलू लागले. परंतु बोलताना नेमका शब्द सापडेनासा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना एकदा फिट आली. तेव्हापासून फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. अशा दिवसांत घरातले सगळेच काही ना काही उपाय शोधत असतात. वहिनींना मोबाइलवर एक जाहिरात दिसली आणि चार दिवसांत पांढऱ्या प्लॅस्टिकची एक बाटली घरी आली. तिच्यात साठ कॅप्सूल होत्या आणि प्रत्येकीत ५० मिलिग्रॅम प्रेग्नेनोलोन. रोज सकाळी एक याप्रमाणे दादांना ती सुरूही झाली. बारा दिवसांनी मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंत. यात लिहिलंय ते खरं आहे का, एवढं वाचून सांगा.”

हे परीक्षण त्या वाचनातून तयार झाले आहे. विकणाऱ्या संकेतस्थळाचे नाव मी देत नाही, कारण हाच पदार्थ वेगवेगळ्या नावांनी अनेक ठिकाणी मिळतो आणि माझे म्हणणे त्या सर्वांना लागू पडते.

बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात पहिला दावा असा आहे की, मेंदू स्वतःची हार्मोन्स स्वतः तयार करतो. हा दावा पूर्णपणे खरा आहे. १९८१ मध्ये फ्रान्समधील एतिएन-एमिल बोलियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टेरॉइड रक्तापेक्षा अधिक प्रमाणात असल्याचे दाखवले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अधिवृक्क ग्रंथी आणि वृषण काढून टाकल्यानंतरही मेंदूतले हे प्रमाण टिकून राहिले; म्हणजे ते बाहेरून आलेले नव्हते. अशा द्रव्यांना बोलियो यांनी ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव दिले. त्यांचा कच्चा माल कोलेस्टेरॉल, आणि तेही मेंदू स्वतःच बनवतो, कारण रक्तातले कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन तयार होते, त्यापासून प्रोजेस्टेरॉन आणि पुढे ॲलोप्रेग्नॅनोलोन.

दुसरा दावा असा की, ही हार्मोन्स दुखावलेल्या मेंदूच्या दुरुस्तीला मदत करतात, आणि त्यामागचे विज्ञानही मनापासून वाचावे असे आहे. १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदराच्या पायातली दुखावलेली मज्जातंतूची दोरी तपासली, तेव्हा तंतूभोवती मायलिनचे आवरण गुंडाळणाऱ्या ‘श्वान’ पेशी (हे नाव एका शास्त्रज्ञाच्या आडनावावरून आले आहे) स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतात आणि ते अडवले तर नवे आवरण नीट तयार होत नाही, असे दिसून आले. झेब्रा फिंच हा मुनियांच्या कुळातला लहानसा पक्षी आहे. त्याच्या मेंदूला सुईने इजा केली की जखमेच्या कडेला असलेल्या ताराकृती आधारपेशी ॲरोमॅटेज नावाचे विकर तयार करू लागतात. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रॅडायोल या स्त्री-हार्मोनमध्ये करते. एरवी या पेशी हे काम करत नाहीत. जखम झाली की करू लागतात, आणि हे विकर औषधाने थांबवले तर जखमेच्या आसपासच्या अधिक पेशी मरतात. वर्गात हा प्रयोग सांगताना मी नेहमी थोडा थांबत असे, कारण इजा झालेल्या जागीच औषध तयार व्हावे, ही गोष्ट ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचे ते पाहण्यासारखे असे.

माहितीपत्रक इथपर्यंत विज्ञानाला धरून आहे आणि नेमके इथेच ते थांबते. पुढचा भाग त्यात नाही, आणि ग्राहकाला खरी गरज त्याच भागाची आहे.

प्रेग्नेनोलोन हा वाटेवरचा फाटा आहे. मेंदूत त्यापासून जे ॲलोप्रेग्नॅनोलोन बनते, ते चेतापेशींवरच्या गाबा ग्राहींचे (पेशींची उत्तेजना आवरणाऱ्या ‘गाबा’ या संदेशद्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या रेणूंचे) काम वाढवते, म्हणजे मेंदूला शांत करते. स्टेरॉइडमध्ये असा गुण असतो याचा सुगावा १९४१ मध्येच लागला होता, कारण संशोधक हान्स सेल्ये यांना प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेने उंदीर गाढ गुंगीत जाताना दिसले होते. त्यामागचे ग्राहींवरचे काम १९८६ मध्ये उलगडले. परंतु त्याच प्रेग्नेनोलोनला सल्फेट जोडले गेले की तयार होणारे द्रव्य नेमके उलट वागते. ते गाबा ग्राहींना अडवते, चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्राहींचे काम वाढवते आणि प्राण्यांमध्ये फेफरे येण्यास मदत करते. कोणत्या भागात, कोणत्या वेळी, कोणत्या फाट्याने जायचे हे मेंदूतली पेशी त्या-त्या जागच्या विकरांच्या आधारे ठरवते. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलला अशी निवड करता येत नाही. ती आधी यकृतात पोहोचते, तिथे तिचा मोठा भाग वेगवेगळ्या रूपांत बदलतो आणि मग जे उरेल ते सगळ्या शरीरात फिरते. ज्या माणसाला डोक्याच्या इजेनंतर फिट आली आहे आणि जो फिटची गोळी घेत आहे, त्याला असे द्रव्य अंदाजाने देणे किती गंभीर आहे, हे लक्षात आले तेव्हा माझा हात खरोखर थरथरला. बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी सूचना आहे. फिटचा उल्लेख कुठेही नाही.

डोक्याच्या दुखापतीवर या कुळातल्या औषधाचा माणसांवर प्रयोग झालेला आहे आणि तो अतिशय काळजीपूर्वक झाला आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे डॉनल्ड स्टाइन यांना प्रोजेस्टेरॉन अधिक असलेल्या मादी उंदीर मेंदूच्या इजेतून जास्त चांगल्या सावरताना दिसल्या, आणि त्यावर त्यांनी अनेक वर्षे काम केले. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या लहान चाचण्यांनीही आशा दाखवली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ रुग्ण होते, दुसरीत ११९५. पहिलीत दुखापतीनंतर चार तासांच्या आत आणि दुसरीत आठ तासांच्या आत शिरेतून प्रोजेस्टेरॉन सुरू करण्यात आले आणि ते काही दिवस चालू ठेवले. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी औषधाविना नुसते तसेच दिसणारे द्रावण (प्लासिबो) दिलेल्या रुग्णांपेक्षा कोणताही लाभ दिसला नाही. इस्पितळात, शिरेतून, तासांच्या आत दिलेल्या औषधाला जे साधले नाही, ते काही महिन्यांनी तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलला साधेल असे सूचित करणारे पत्रक २०१४ नंतर छापले जाते, याचा मला अतिशय राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

याचा अर्थ हे संशोधन वाया गेले, असा कोणी घेऊ नये. नेमके द्रव्य, नेमकी मात्रा आणि नेमकी वेळ जमते तेव्हा त्यातून खरे औषध तयार होते. गरोदरपणात ॲलोप्रेग्नॅनोलोनचे प्रमाण खूप वाढलेले असते आणि बाळंतपणानंतर ते झपाट्याने उतरते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ब्रेक्सानोलोन हे तेच द्रव्य, शिरेतून सलग ६० तास देण्याचे. रुग्ण अचानक शुद्ध हरपण्याचा धोका असल्याने ते देखरेखीखालीच द्यावे असे बंधन घालण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळालेली झुरॅनोलोनची गोळी रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत, १४ दिवस घ्यायची असते आणि ती घेतल्यावर १२ तास वाहन चालवू नये असा ठळक इशारा तिच्यावर आहे. या इशाऱ्यांशेजारी आमच्या बाटलीवरचे गुळगुळीत लेबल ठेवून पाहिले की औषध आणि पूरक आहार यांतले अंतर डोळ्यांना दिसते.

आता अनुभव. बारा दिवसांत दादांच्या बोलण्यात फरक पडला नाही. दुपारी जेवणानंतर त्यांना पेंग येऊ लागली होती आणि रात्री झोप मोडत होती. हा कॅप्सूलचाच परिणाम होता असे मी म्हणणार नाही. डोक्याच्या इजेनंतर असे एरवीही होते. त्याच संध्याकाळी बाटली घेऊन आम्ही मेंदूरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लेबल वाचले, फिटच्या गोळीची चिठ्ठी पुन्हा पाहिली आणि कॅप्सूल तत्काळ बंद करायला सांगितले.

विक्रीपश्चात सेवेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. बाटलीवर आयात करणाऱ्याचे नाव नव्हते आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांकही नव्हता. आपल्याकडच्या न्यूट्रास्युटिकल नियमांनुसार अशा पूरक आहारात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालण्यास मनाई आहे. हा मुद्दा मी विक्रेत्याला लेखी कळवला. उत्तर आले ते सील फोडलेले असल्याने पैसे परत मिळणार नाहीत, एवढेच. मूळ प्रश्नाला त्यात स्पर्शही नव्हता. वहिनींना अपराधी वाटत होते. त्यांना मी सांगितले की, अर्धे खरे छापलेले पत्रक माझ्याही हातून सहज विश्वासाने वाचले गेले असते.

दादांची वाचोपचाराची सत्रे आठवड्यातून तीनदा चालू आहेत. परवा त्यांनी ताटातल्या भाकरीकडे बोट न दाखवता ‘भाकरी’ हा शब्द उच्चारला, आणि वहिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.

डोक्याला मार लागलेल्या, फिट येणाऱ्या किंवा मेंदूवर परिणाम करणारी कोणतीही गोळी घेणाऱ्या व्यक्तीने ही कॅप्सूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरांना त्यातून काही मिळेल असे मानण्यासारखा पुरावाही मला सापडला नाही. पाचपैकी एक तारा देतो, आणि तोही केवळ कॅप्सूलमधली मात्रा लेबलवर स्पष्ट छापलेली आहे म्हणून. डॉक्टरांच्या टेबलावर आम्हाला उपयोगी पडली ती तेवढीच एक ओळ.