अकरा मीटर स्पीकर केबल: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये अकरा मीटर केबल ऐकून हसू येईल. पण अ‍ॅम्प्लिफायर डाव्या कोपऱ्यात, मध्ये बाल्कनीचं दार आणि लादी फोडायची नाही, असं असलं की वायर केसिंग पट्टीतून चौकटीवरूनच जाते. डावीकडे ३ मीटर, उजवीकडे ११. केबल दोन पदरी, तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची. स्पीकर ६ ओहमचे. वापर जून ते फेब्रुवारी.

आधी लांबीचं. अडीचच्या तांब्याला मीटरमागे सुमारे ८ मिलिओहम रोध (करंटला होणारा अडथळा) धरा. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून ११ मीटरला २२ मीटरचा हिशोब: साधारण ०.१८ ओहम. हा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, असा ठोकताळा आहे. ६ ओहमला ती मर्यादा ०.३, म्हणजे इथे निभावतं. तेवढ्याच अंतराला अर्ध्या स्क्वेअर एमएमची पारदर्शक वायर घातली की ०.८६ ओहम होतात.

त्याने नुसता आवाज कमी झाला असता तर नॉब थोडा फिरवून भागलं असतं. पण ६ ओहमचा स्पीकर खालच्या-वरच्या सगळ्या सुरांना ६ ओहमचा नसतो. कुठे ४ वर उतरतो, कुठे २० वर चढतो. बारीक वायरीत ४ ओहमच्या ठिकाणी १.७ डेसिबल गळतात, २० च्या ठिकाणी ०.४ च्या आत. म्हणजे सुराचा तोलच बदलतो. अडीचमध्ये हाच फरक ०.३ वर येतो, आणि तो कानाला कळणं कठीण.

दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून डावीकडे ८ मीटरचं वेटोळं ठेवायला सांगणारे भेटतात. गरज नाही. ८ मीटर जादा केबलीतून सिग्नलला लागणारा वेळ सेकंदाच्या अडीच कोटीव्या भागाएवढा. तेवढ्यात हवेतला आवाज मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा जेमतेम सरकतो. पातळीतला फरक अडीचमध्ये ०.२ डेसिबल. अर्ध्या एमएममध्ये मात्र तो ०.८ होतो आणि गायक मधोमध न राहता डावीकडे सरकल्यासारखा वाटू लागतो.

खरी फसगत होते ती खरेदीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही मिळते. तिचा रोध साधारण दीडपट. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. मोजायचंच असेल तर साधा मल्टिमीटर ओहमवर कुचकामी. दूरची दोन टोकं एकत्र पिळा, ५ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर आणि केबल एकामागोमाग जोडा, जवळच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट बघा. ११ मीटर चांगल्या तांब्याला ८५ ते ९० येतात. १३० च्या पुढे गेलं तर माल खोटा किंवा बारीक. रेझिस्टर तापतो, हात लावू नका.

आता पावसाळा. खाऱ्या दमट हवेत उघडी तार काळवंडते, मग हिरवट होते. सप्टेंबरपर्यंत स्पीकरकडची नुसती पिळून खोवलेली टोकं काळी पडली. बनाना प्लगमधली (तार स्क्रूने आवळून टर्मिनलमध्ये खोवायचं टोक) बरीच टिकली. ऑक्टोबरमध्ये सेंटिमीटरभर छाटून टोकं नव्याने सोलावी लागली, म्हणून दोन्हीकडे वीतभर वायर जादा सोडाच. प्लगचे स्क्रू महिन्याभराने पुन्हा आवळा. तारा दबून बसतात आणि पकड सैल होते. स्क्रूखाली येणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका, ते दाबाने हळूहळू पसरतं. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो, नशीब वाईट असेल तर कायमचा.

घरच्या विजेच्या वायरी असलेल्या पट्टीत ही केबल घालू नका. प्रश्न स्पीकरच्या गुणगुणण्याचा कमी, शॉकचा जास्त.

बास अचानक गायब वाटला तर केबलला दोष देण्याआधी एका बाजूचं लाल-काळं उलट जोडलं नाही ना, ते तपासा. केबल अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवून त्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, दोन्हीकडे सारखाच, अधिक बाजू लालला. दोन्हीकडचे वूफर एकाच दिशेने हलायला हवेत. ४ ओहमचे स्पीकर घेणार असाल तर मात्र मर्यादा ०.२ वर येते आणि अडीचची केबल तिला जवळजवळ टेकते, म्हणून ११ मीटरला ४ स्क्वेअर एमएम घ्या. प्लगमध्ये एवढी जाड तार शिरते का, ते दुकानातच बघा.