१८७१ चे प्रशियन युद्धपदक आणि त्याचे प्रमाणपत्र: टपालाने केलेल्या खरेदीचा अनुभव

जुनी लष्करी पदके टपालाने विकणाऱ्या दक्षिण जर्मनीतील एका दुकानातून मी गेल्या हिवाळ्यात एक जोडी मागवली. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचे प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचे सर्वांत मोठे जर्मन राज्य) स्मारकपदक आणि ‘बेझिट्झत्सॉइग्निस’, म्हणजे अमुक सैनिकाला हे पदक धारण करण्याचा हक्क आहे असे सांगणारे प्रमाणपत्र, अशी ती जोडी होती. दोन्ही मिळून ८५ युरो पडले.

पदकाची बाब साधी आहे. सम्राट पहिला विल्हेल्म याने २० मे १८७१ रोजी ते सुरू केले. लढणाऱ्यांना कांस्याचे आणि युद्धसेवेतील बिनलढाऊ लोकांना पोलादाचे पदक मिळे. कांस्य शत्रूकडून जिंकलेल्या तोफांचे असे आणि तसे पदकाच्या कडेवर लिहिलेलेही असते. दुकानाने पाठवलेल्या पदकावर ही कडेची अक्षरे स्पष्ट आहेत, मात्र संकेतस्थळावर कडेचे छायाचित्रच नव्हते, ते मला मागून घ्यावे लागले. ही पदके इतक्या मोठ्या संख्येने वाटली गेली की आजही ती सहज मिळतात. हॅनोव्हरच्या वॉटर्लू पदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव असते, तसे येथे काहीही नसते. त्यामुळे पदक कोणाचे हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे तो कागद.

माझ्या लेखी खरी किंमत त्या कागदाचीच आहे. प्रशियन सैन्याचे पॉट्सडॅम येथील दफ्तर एप्रिल १९४५ मधील हवाई हल्ल्यात जवळजवळ संपूर्ण जळाले. बव्हेरिया आणि वुर्टेंबर्ग या इतर जर्मन राज्यांपैकी पहिल्याचे दफ्तर म्युनिकला आणि दुसऱ्याचे स्टुटगार्टला बऱ्याच अंशी टिकून आहे, पण प्रशियाच्या साध्या शिपायाचा शोध घेणाऱ्याला तो आधार उरलेला नाही. अधिकाऱ्यांची नावे छापील यादीत सापडतात. शिपाई मात्र जखमी झाला किंवा मेला तरच बहुधा छापील यादीत येतो. जो सुखरूप घरी परतला, त्याचा माग अशा एखाद्या घडीच्या कागदातच शिल्लक राहतो.

आलेला कागद फ्राक्टुर या जुन्या टोकदार जर्मन छापील लिपीत छापलेला आहे आणि सैनिकाचे नाव, हुद्दा व कंपनी कारकुनाने शाईने कुर्रेंट या वळणदार लिपीत भरलेली आहे. खाली डाव्या बाजूस रेजिमेंटचा शिक्का आणि उजवीकडे कमांडरची सही आहे. मोडी वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला कुर्रेंटची अडचण लगेच उमगेल, कारण तिच्यातही अक्षरे एकमेकांत मिसळतात. ‘ई’ आणि ‘एन’ ही दोन्ही अक्षरे जवळजवळ सारख्याच दोन तिरप्या रेघांची असतात आणि ‘यू’ ओळखायचे ते डोक्यावरच्या छोट्या कंसावरून. दुकानाने आडनावात नेमके ‘ई’ च्या जागी ‘एन’ वाचले होते. त्या चुकीच्या आडनावाने शोध घेत माझे तीन आठवडे गेले.

याहून गंभीर चूक पट्टीची निघाली. युद्धाला पंचवीस वर्षे झाली म्हणून १८९५ मध्ये लढायांची नावे असलेल्या पट्ट्या रिबनवर लावण्यास मान्यता मिळाली. माझ्या पदकावर ‘सेदां’ ही पट्टी होती आणि पदक, पट्टी व कागद ‘मुळापासून एकत्र’ असल्याचे दुकानाने लिहिले होते. कागदावर मात्र तिसरी वेस्टफालियन पायदळ रेजिमेंट, क्रमांक १६, असा स्पष्ट उल्लेख आहे. ही रेजिमेंट १६ ऑगस्ट १८७० रोजी मार्स-ला-तूर येथे लढली, तेथे तिची भयंकर हानी झाली, आणि १ सप्टेंबरला सेदांची लढाई पेटली तेव्हा ती ज्या मोठ्या सैन्यदलाचा भाग होती ती दहावी कोअर मेत्झ या फ्रेंच किल्ल्याच्या वेढ्यात गुंतलेली होती. ‘व्हियोनव्हिल-मार्स-ला-तूर’ या नावाची स्वतंत्र पट्टी आहे. ती असती तर मी शंका घेतली नसती. सेदांची पट्टी नंतर कोणी तरी चढवली आहे, हे रेजिमेंटचा क्रमांक पाहणाऱ्या जाणकार विक्रेत्याच्या लक्षात यायलाच हवे होते.

बांधणीबद्दल तक्रार नाही. कागद न दुमडता दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवला होता आणि पदक वेगळ्या पिशवीत होते. घडीवर मागून चिकटपट्टी लावलेली आहे, तिच्या गोंदाने कागद तपकिरी पडू लागला आहे आणि वर्णनात याचा उल्लेख नव्हता. म्हणून असा कागद घेताना मागच्या बाजूचे छायाचित्र अवश्य मागावे.

मी या तिन्ही गोष्टी पुराव्यासह कळवल्या तेव्हा दुकानाने वाद घातला नाही. दोन दिवसांत उत्तर आले, २० युरो परत मिळाले आणि जुन्या विक्रीच्या नोंदीतील आडनावही त्यांनी दुरुस्त केले. हे शेवटचे काम करण्याची त्यांना काहीच गरज नव्हती, आणि म्हणूनच मी त्यांच्याकडून पुन्हा खरेदी करीन. सेदांची पट्टी मी रिबनवरून काढून वेगळ्या पाकिटात ठेवली आहे आणि ती या सैनिकाची का नव्हे, ते पाकिटावर लिहून ठेवले आहे.