पाळी लवकर गेली: पॅच, गोळी की काहीच नको?

सदतिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली, तेव्हा दोन सल्ले फुकटात मिळाले. एक, ‘बरं झालं, कटकट गेली.’ दुसरा, ‘हार्मोन्सच्या वाटेला जाऊ नकोस, कॅन्सर होतो.’ दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पन्नाशीतली बाई होती. चाळिशीच्या आत पाळी जाते तेव्हा हिशेब वेगळा असतो, म्हणून निवड करण्याआधी तो समजून घ्या.

पाळी साधारण पन्नाशीच्या आसपास जाते. ४० ते ४५ मध्ये गेली तर ती लवकर, आणि ४० च्या आधी अंडाशयांचं काम मंदावलं किंवा थांबलं तर ते अकाली. अशा वेळी शरीराला दहा-पंधरा वर्षं अंडाशयांतून जे इस्ट्रोजन हे हार्मोन मिळायला हवं होतं, ते मिळतच नाही. वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं हे जाणवतं तरी. हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, ते मात्र गुपचूप. म्हणून ‘मला काही त्रास नाही, मग औषध कशाला?’ हा प्रश्न इथे फसवा ठरतो.

कॅन्सरच्या भीतीचं मूळ २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे. त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो निष्कर्ष पस्तिशीच्या बाईला लावणं म्हणजे आजीचा चष्मा नातीला लावणं. तरुण वयात हे हार्मोन्स वरकड नसतात, नसलेल्याची भरपाई असते. म्हणूनच ज्यांना ते वर्ज्य नाहीत, त्यांनी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी घ्यावेत असा सल्ला असतो.

आता पर्याय. पहिला एचआरटीचा, म्हणजे कमी पडलेली हार्मोन्स बाहेरून देण्याचा. यात इस्ट्रोजन पॅच, जेल किंवा गोळीतून मिळतं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका उद्भवतो. (हे ‘सोबत’ कोणी विसरलं तर स्वतः विचारा.) पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजन त्वचेतून थेट रक्तात जातं. गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, तसा या मार्गाने वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, मायग्रेन असेल तर याच मार्गाने जावं असं माझं मत. तोटे किरकोळ आहेत: पॅचखाली खाज येते, कडा सुटतात, जेल वाळेपर्यंत थांबावं लागतं आणि तो भाग लहान मुलांना लागू द्यायचा नाही. एक मात्र लक्षात ठेवा, पन्नाशीनंतर जो डोस पुरतो तो तरुणपणी बऱ्याचदा कमी पडतो. वाफा थांबत नसतील तर ‘मला मानवत नाही’ म्हणून सोडून देण्याआधी डोस तपासून घ्या.

दुसरा पर्याय, गर्भनिरोधक गोळ्या. मैत्रिणीही त्याच घेत असतात, त्यामुळे औषधाचा डबा उघडताना आपण वेगळ्या वाटत नाही. पंचविशीत याचं मोल मोठं असतं. पण नेहमीच्या पाकिटात दर महिन्याला सात दिवस हार्मोन नसतं, आणि त्या आठवड्यात वाफा परत येतात. घ्यायच्याच तर खंड न पाडता कशा घ्यायच्या ते विचारा. हाडांच्या बाबतीत एचआरटीचं पारडं जड वाटतं. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणारीने आणि डोळ्यांसमोर चमक येणारं मायग्रेन असलेलीने या गोळ्या टाळायच्या.

या गोळ्यांची खरी गरज कुठे, तर गर्भधारणा टाळण्यासाठी. अकाली पाळी गेलेल्यांपैकी अंदाजे ५ ते १० टक्के बायकांना कधीतरी आपोआप दिवस जातात. एचआरटीने ते टळत नाहीत. मग एक मधली वाट उरते: हार्मोन सोडणारी तांबी, जिच्यात नावापुरतंही तांबं नसतं. ती गर्भ टाळते, अस्तरही सांभाळते. इस्ट्रोजन वेगळं पॅचने घ्यायचं.

तिसरा, हार्मोन्सशिवाय. इस्ट्रोजनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर सहसा हाच मार्ग उरतो. वेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिनसारख्या औषधांनी वाफा कमी होतात, वर्तनोपचारानेही त्यांचा जाच घटतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांसाठी पॅरॉक्सेटिन हे औषध नको, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. पण यातलं काहीही हाडं राखत नाही. तिथे वजन पेलणारा व्यायाम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांवर जास्त लक्ष द्यावं लागतं. निवड म्हणून, नुसत्या भीतीपोटी, हा मार्ग धरणं मला पटत नाही.

मी जेल घेते, आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री. तिने गुंगी येते म्हणून ती झोपतानाच घ्यायची असते. दोन वर्षं रात्री तीनला पंख्याखाली बसून काढलेल्या बाईला असला दुष्परिणाम आनंदाने चालतो.